दोन मिनिटांची पाहुणी

आमच्या भाषण-क्लबचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हल्ली शांतच असतो. सणाच्या शुभेच्छा, बाकी काही नाही. पण मध्येच कुणीतरी लिहितं, "आठवतंय का..." आणि मग तासभर फोन खाली ठेवता येत नाही. एकाने किस्सा सांगितला की दुसऱ्याला पुढचा आठवतो, तिसरा म्हणतो, "असं झालंच नव्हतं!" आणि एकाचे तीन होतात. मी आपले माझ्या आठवणीतले सांगते.

डोंबिवली पूर्वेला एका कोचिंग क्लासची खोली शनिवारी संध्याकाळी रिकामी असायची. तिथे आम्ही पंधरा-वीस जण भाषणं करायचो. किमान दोन मिनिटं, कमाल तीन. ज्याची दोन भरली, तो सभासद. तोवर पाहुणा.

मी सात महिने पाहुणी होते!

त्याआधी एका इंटरव्ह्यूत "स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर मी पाणी मागितलेलं. ते प्यायले आणि थेट घरी आलेले. म्हणून क्लब. निदान एकदा तरी दोन मिनिटं सलग बोलायचं, एवढंच ठरवलेलं.

*

पहिल्याच दिवशी मी मागच्या बाकावर बसलेले. कुणीतरी बोलत होतं, आणि एकदम टण्ण! मी जोरात किंचाळले.

आमच्याकडे वक्ता "अँ..." म्हणाला की मनीषाताई स्टीलच्या वाटीत वालाचा एक दाणा टाकायच्या, हे मला कुठे माहीत!

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मनीषाताईंनी शांतपणे विचारलं, "सर, किंचाळी धरायची का?"

टाइमकीपर साठे सर म्हणाले, "पाहुण्या आहेत. आजचा दिवस सोडा."

*

मनीषाताईंना ती सवय घरीही लागली. लेकीला बघायला मुलगा आलेला. तो बोलत होता, आणि ताई स्वतःच्या बशीतल्या पोह्यांमधले शेंगदाणे एकेक करून कडेला काढत होत्या. पाहुणे गेल्यावर मुलीने विचारलं, "आई, कसा वाटला?"

"चौदा दाणे!"

दुसरं स्थळ आलं. तो मुलगा एकदाही अडखळला नाही. आम्ही म्हटलं, झालं, पेढे येणार!

"छे गं," ताई म्हणाल्या, "पाठ करून आलेला मेला."

*

पाटीलदादा आंबिवलीकडचे, रेती-सिमेंटचा धंदा. आवाज असा, की माइक त्यांच्यापासून लांब ठेवायचा. क्लबमध्ये येऊन ते इतके तयार झाले, की गावात कुठलाही कार्यक्रम असला की बोलायला तेच.

एकदा गावातल्या एका म्हाताऱ्यांच्या शोकसभेत ते सुरेख बोलले. बायका रडल्या. आणि शेवटी, क्लबमधल्या सवयीने, दादा हात जोडून म्हणाले, "धन्यवाद! आता माझ्या भाषणाचं मूल्यमापन व्हावं."

मग गेलेल्यांचा थोरला मुलगा उठला आणि डोळे पुसत म्हणाला, "चांगला झाला दादा. मधी जरा लांबला."

*

साठे सर म्हणजे शाळेतले निवृत्त पर्यवेक्षक. हातात स्टॉपवॉच. दोन मिनिटांना हिरवं कार्ड, तीनला लाल, आणि लालनंतर वक्ता बसेपर्यंत सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या.

एका वर्धापनदिनाला इथले एक पुढारी पाहुणे म्हणून आले. सरांनी लाल कार्ड दाखवलं. त्यांचं लक्षच नाही. सरांनी टाळ्या सुरू केल्या, आम्हीही वाजवल्या. पुढारी खूश! आणखी जोरात बोलायला लागले. आम्ही आणखी टाळ्या. ते आणखी!

शेवटी सरांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, "भाषण अद्याप सुरू आहे," आणि पेनाला टोपण लावलं.

स्वतःलाही ते सोडायचे नाहीत. एकदा लग्नाच्या आठवणी सांगत होते. "मी दार उघडलं, आणि ही मला म्हणाली..." तेवढ्यात हातातल्या घड्याळाकडे बघितलं, स्वतःच लाल कार्ड वर केलं आणि खाली बसले.

काकू काय म्हणाल्या, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

*

मग ती बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. दुसरी खोली कुठे मिळेना. शेवटचा शनिवार ठरला, आणि माझा तोवरचा उच्चांक होता अठ्ठेचाळीस सेकंद.

"केतकी, आज नाही तर कधीच नाही गं," मनीषाताई म्हणाल्या.

मी उभी राहिले. "माझी मावशी टिटवाळ्याला राहते."

पुढचं सगळं गेलं. पार पुसलं गेलं. समोर सगळे चेहरे, भिंतीवर घड्याळ. खाली दोन रिक्षावाल्यांचं भांडण सुरू झालं, वाढलं, मिटलं, तरी मी गप्पच. खुर्चीही कुणी वाजवली नाही.

मग पाटीलदादांनी, त्यांच्या मानाने हळू, विचारलं, "मावशी करते काय?"

"वाचते," मी म्हणाले. "मोठ्याने. दुकानांच्या पाट्या, बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरं, लग्नपत्रिकेतली सगळी नावं. चौथीत शाळा सुटलेली तिची. पन्नाशीत परत शिकली, माझ्याच पाटीवर. आता एकही अक्षर फुकट जाऊ देत नाही..."

आणि मी बोलतच गेले. मावशीने डॉक्टरांसमोर अख्खं प्रिस्क्रिप्शन वाचून दाखवलं आणि डॉक्टरांनाच विचारलं, "हे बरोबर लिहिलंय ना?" तिथे सगळे हसले. हिरवं कार्ड वर गेलं तेव्हा मला आधी कळलंच नाही, ते कशाचं आहे.

साठे सर रिपोर्ट द्यायला उभे राहिले.

"दोन मिनिटं, अकरा सेकंद. सभासद."

पाटीलदादांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "सर, मी बघत होतो ना. चांगली सहा मिनिटं झाली!"

सरांनी रजिस्टरमधून मान वर केली नाही.

"पाटील, मला भाषणाची वेळ विचारतात. तीच सांगितली."