शुगर लँडचा राखणदार

२००१ सालच्या मे महिन्यात मी निघाले, तेव्हा टॅक्सी हॉर्न मारत होती आणि बाबा कुंपणापाशी नारळ घेऊन उभे. जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्या कोकणात कोणी परदेशी जात नाही. "बा देवा महाराजा, ह्या चेडू परमुलखाक जाता, तेची राखण कर," बाबा म्हणाले, आणि मागून तुम्ही सगळे वाडीतले एका सुरात, "व्हय म्हाराजा!" मला मेलीला फ्लाइट चुकायची चिंता.

तीन वर्षांनी ह्यूस्टनजवळ शुगर लँडला घर घेतलं. कौतुकानं फोन केला, तर बाबांचा पहिला प्रश्न, थंयचो राखणदार कोण? मी म्हटलं, बाबा, इथे एचओए असते, घरमालकांची सोसायटी, ती गवत वाढलं तरी नोटीस पाठवते. ते हसले नाहीत.

"जागो कोणाचो ता आधी इचार. तेंका सांगल्याशिवाय मी थंय पाणी पिवचंय नाय."

हिवाळ्यात ते आमच्याकडे यायचे होते, आणि माणूस महाहट्टी. म्हणून मी विचारत सुटले.

लायब्ररीतून शनिवारी काउंटीच्या इतिहासाची टूर निघायची. नेणाऱ्या रूथबाई रिटायर्ड टीचर. मळेवाल्यांची पांढऱ्या खांबांची घरं, साखरेचा जुना कारखाना, सगळं दाखवलं. मळेवाल्यांची नावं त्यांना तोंडपाठ. आमच्या सबडिव्हिजनच्या जागी काय होतं, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, ऊस. मग तो तोडत कोण होतं, मी विचारलं.

बाकीचे बसमध्ये चढल्यावर बाई मला एका कुंपण घातलेल्या लहानशा दफनभूमीत घेऊन गेल्या. गुलामी संपल्यावर उसाला कैदी भाड्यानं आणत, बहुतेक काळे. दलदलीत राबून, तापानं, मारानं माणसं मेली. इथल्या थोड्यांना दगड तरी मिळाले. आधीच्यांना तेही नाही, नावंही कोणाला ठाऊक नाहीत.

"ते शेतातच आहेत कुठेतरी," बाई म्हणाल्या. "तुमच्या रस्त्याखालीसुद्धा असतील, हनी."

घरी आले आणि लॉनवर पाय टाकवेना. नवरा नागपूरचा, तो म्हणाला, यार, सगळीकडेच कोणी ना कोणी मेलेलं असतं. खरंच आहे. पण मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा लाज.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, नाव नाय तर नाय, जो कोण आसात तेका सांगूचा. मी येवन गाऱ्हाणा घालतंय. व्हिसा झाला, तिकीट झालं, आणि निघायच्या आठवड्यात बाबाच गेले.

शेवटी मीच मागच्या फेन्सपाशी नारळ ठेवला. नवरा आणि मुलगी हात जोडून उभे राहिले. "बा महाराजा, जो कोण आसशीत तो, तुका न इचारता आमी हंय ऱ्हवलो. पोराबाळांका सांभाळून घे." सवयीनं थांबले. गावी मागून उत्तर येतं ना. नवऱ्याला ठाऊक नव्हतं, मुलीनं हळूच विचारलं, "आई, आर वी डन?"

यंदा २००८. दर अमावास्येला मी तिथे उभी राहते, सांगते आणि थांबते. घर आता तुमचं झालं का, असं तुम्ही फोनवर विचारता, तेव्हा कागदपत्रं आमच्या नावावर झाली, एवढंच मी सांगते. "व्हय" अजून कोणी म्हटलेलं नाही.