राखेचं रिंगण

फुलंब्रीच्या उत्तरेला डोंगराची रांग लागते. तिच्या एका खोबणीत आसरदरा नावाची धनगरांची वस्ती होती. बानाबाई तिथं लग्न होऊन आली ती पोलीस ॲक्शनच्या आदल्या साली. रझाकारांच्या भीतीनं खालच्या गावांतली माणसं तेव्हा लेकराबाळांसकट डोंगर चढून आली होती आणि मेंढरांच्या कोठ्यांत लपून राहिली होती. अंगाची हळद उतरायच्या आत बानाबाईनं त्या परक्या माणसांसाठी भाकरी थापल्या. पुढं निजामाचं राज्य गेलं, माणसं आपापल्या गावी उतरली आणि बाजारात समोर आली की तिच्याकडं न बघता जाऊ लागली.

तिला त्याचं फारसं वाईट वाटायचं नाही. डोंगरातल्या माणसाला खाली कसं बघतात, हे तिला ठाऊक होतं. ती लोकर आणि तूप घेऊन बाजाराला गेली की बाया आपली लेकरं पदराआड घ्यायच्या. वाणी पुडी हातात न देता फळीवर टाकायचा. ही माणसं आंघोळ करत नाहीत, करणी करतात, यांच्या बायांची नजर वाईट असते, असं काहीबाही लोक बोलायचे, आणि तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायचे. बानाबाई उंच, काळीसावळी, कमी बोलणारी. कपाळभर भंडारा लावायची. आपलं काम उरकायची आणि ऊन चढायच्या आत परतीला लागायची.

ऐंशी सालाच्या जरा आधीची गोष्ट. उन्हाळा होता. शहरातून कॉलेजची तीन पोरं डोंगर बघायला आली. त्यांतला एक बद्रीनाथ, औरंगपुऱ्यातल्या एका कापड दुकानदाराचा मुलगा. दऱ्याच्या वरच्या अंगाला एक कपार आहे. पैज लावून तो तिच्यात उतरायला गेला आणि पायाखालचा दगड सुटला तसा तो खाली कोसळला. सोबतच्या दोघांनी वरून हाका मारल्या. उत्तर आलं नाही, तसे ते घाबरून पळत सुटले, ते थेट खालच्या सडकेला लागले.

बानाबाई पलीकडच्या उतारावर शेरडं चारत होती. तिला कण्हणं ऐकू आलं. हातातल्या विळ्यानं काटेरी झुडपं तोडत ती खाली उतरली. पोरगं पाठीवर पडलं होतं, पण जिवंत होतं. कमरेखालचं अंग त्याला हलवता येत नव्हतं. उचलायला गेली तर ते किंचाळलं, म्हणून तिनं त्याला हलवलं नाही. तिचा नवरा मल्हारी समोरच्या टेकाडावर होता. त्याला हाक मारून तिनं खाली पिटाळलं, गावातून माणसं आणि बाज घेऊन ये म्हणून सांगितलं. मग पदर पाण्यात भिजवून ती पोराच्या ओठांवर पिळत बसली.

मल्हारी धावतच गावात गेला. पण पाटील काकासाहेब जेवत होते. त्यांनी त्याला ओट्याखाली उभं केलं. शहरातला पोरगा तुमच्या दऱ्यात कशाला येईल, असं विचारलं. आधी पोलिसांना कळवतो, मग बघू, म्हणाले. एवढ्यात उन्हं कलली. बद्रीनाथनं बानाबाईचा हात धरला होता. तो धरलेलाच राहिला आणि पोरगं गेलं.

आसरदऱ्यात रीत अशी होती, की डोंगरावर ज्याचा जीव गेला तो वस्तीचाच. तो कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, हे विचारायचं नाही. त्याला एकटं टाकायचं नाही. मुंग्या लागू नयेत म्हणून त्याच्याभोवती चुलीतल्या राखेचं रिंगण घालायचं, कपाळाला भंडारा लावायचा, अंगावर घोंगडी टाकायची आणि त्याची माणसं येईपर्यंत कुणीतरी बायमाणसानं जवळ बसून राहायचं. बानाबाईची लेक सारजा राख घेऊन आली. सगळं रीतीप्रमाणं झालं. विळा बाजूला ठेवून बानाबाई मयताच्या उशाशी बसली.

माणसं आली ती पोलिसांना घेऊन. सोबत ती दोन पोरं होती आणि बद्रीनाथचा चुलता होता. त्यांनी बघितलं ते असं. कपाळभर पिवळं लावलेली काळी बाई, भोवती राखेचं रिंगण, मेलेल्या पोराच्या कपाळाला हळद आणि शेजारी विळा. पोरं आपण पळून गेलो हे सांगायला भ्याली होती. आम्ही निघालो तेव्हा तो चांगला होता, या बाईनंच त्याला बोलावलं, असं ती म्हणाली. गर्दीतून कुणीतरी 'नरबळी' हा शब्द उच्चारला. त्यानंतर कुणाला काही विचारायचं कारण उरलं नाही.

बानाबाईला आणि मल्हारीला ठाण्यात नेलं. तिथं तिनं जे घडलं तेच सांगितलं. पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. राख कशाला टाकली, या प्रश्नाला तिनं मुंग्यांसाठी म्हटलं, तेव्हा विचारणारे हसले. मल्हारीला लाथा घातल्या. त्याच्या छातीत काहीतरी मोडलं, ते पुढं कधी सांधलं नाही. शहरातल्या एका पेपरात डोंगरातल्या अघोरी प्रथांवर मोठा मजकूर आला. लिहिणारा आसरदऱ्याला कधीच आला नव्हता. इकडं मेंढरांमागं सारजा एकटीच होती. मेंढरं रानात पांगली. लांडग्यांनी बरीचशी मारली.

शेवटी डॉक्टरांनी पोरगं पडूनच मेलं असं लिहून दिलं. दोघांतल्या एका पोरानंही घरी रडत खरं काय ते सांगितलं. तसं नवराबायकोला सोडलं. चुकलं असं कुणी म्हणालं नाही. पेपरातही पुढं काही आलं नाही. लोकांच्या ध्यानात पहिला मजकूरच राहिला.

सारजाची सोयरीक ठरली होती ती मोडली. बाजारात आता पोरं दगड मारू लागली. पुढच्या थंडीत मल्हारी रक्त ओकून गेला. त्याच्या मातीला खालच्या गावातून एकही माणूस चढलं नाही.

त्यानंतर एका सकाळी बद्रीनाथची आई, लक्ष्मीबाई, भावाला सोबत घेऊन वस्तीवर आली. जाडजूड, धाप लागलेली, पायात शहरी चपला. वस्तीनं दारं लावून घेतली. बानाबाई तेवढी बाहेर आली.

"तुम्हीच का बानाबाई?" लक्ष्मीबाईनं विचारलं. "तो गेला ती जागा मला दाखवाल?"

बानाबाईनं तिला हाताला धरून खाली नेलं. लक्ष्मीबाई त्या दगडगोट्यांवर बसली. मग तिनं विचारलं, की शेवटी त्यानं माझं नाव घेतलं होतं का.

बानाबाईला खोटं सांगता आलं असतं. ती म्हणाली, "नाय, बाई. पानी मागत हुता. मंग म्हनला, हात सोडू नको. म्या नाय सोडला."

लक्ष्मीबाई तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. पेपरात आलं ते आपल्यालाही खरं वाटलं होतं, असं तिनं सांगितलं. मी सगळ्यांना खरं सांगेन, असंही म्हणाली.

तिनं सांगितलंही. औरंगपुऱ्यात, नातेवाइकांत, दुकानात येणाऱ्याजाणाऱ्यांत. पण लोकांनी वेगळाच अर्थ काढला. आई डोंगरावर गेली आणि परत आल्यापासून त्या बाईचं कौतुक करते, म्हणजे तिच्यावरही भानामती झाली, असं बोललं जाऊ लागलं. नवऱ्यानं तिला देवऋष्याकडं नेलं. मग ती गप्प झाली. हे बाजारातून फिरत फिरत बानाबाईच्या कानावर आलं. तिनं ऐकून घेतलं आणि सारजाला शेरडं सोडायला सांगितली.

वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी, म्हणजे मुख्यतः सूर्यभाननं, आता एक ठरवून टाकलं होतं. परका माणूस डोंगरावर पडला, मेला, काही झालं, तरी जवळ जायचं नाही. सूर्यभान मल्हारीचा चुलतभाऊ होता. त्याला कुणी दोष दिला नाही.

दोनतीन वर्षांनी एका संध्याकाळी दऱ्यातून हाका ऐकू आल्या. हरवलेलं जनावर शोधायला आलेला कुणी बन्सी नावाचा माणूस पाय मोडून पडला होता. कुणी हाय का, कुणी हाय का, असं ओरडत होता. वस्तीनं चुली विझवल्या. बानाबाई उठली, तिनं पाण्याचा तांब्या घेतला. सारजानं तिचे पाय धरले.

"आई, तू गेलीस तर आपल्याला जाळतील गं. बाबा गेले, आता मी बी मरू का?"

बानाबाई उभी राहिली. हाका येतच होत्या. मग तिनं तांब्या खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. सारजा सांगते, आईनं कान झाकले नव्हते. तिनं सगळं ऐकलं.

बन्सी मेला नाही. रांगत रांगत तो पायवाटेला लागला आणि सकाळी त्याला गुराख्यांनी उचलून नेलं. फुलंब्रीत त्यानं सगळ्यांना सांगितलं, की वस्ती हाकेच्या अंतरावर होती, चुलीचा धूर दिसत होता, पण एक माणूस आला नाही. डोंगरातल्या माणसांना काळीज नसतं. ऐकणाऱ्यांनी माना डोलवल्या. हे त्यांना आधीपासूनच माहीत होतं.

सूर्यभाननं हे वस्तीवर येऊन सांगितलं तेव्हा तो चिडला होता. बानाबाई चिडली नाही.

"खरं बोलला त्यो," ती म्हणाली. "एवढं एक त्यांनी खरं सांगितलं."

त्यानंतर ती बाजाराला गेली नाही. कपाळाला भंडारा लावायचंही तिनं सोडलं. वस्तीवर कुणी आजारी पडलं, तरी ती उशाशी बसायची नाही. मी बसायच्या लायकीची नाय, म्हणायची. तीन वर्षं अशी काढून ती झोपेतच गेली.

एकेक घर खाली उतरलं आणि आसरदरा ओस पडला. सारजा आता शहरात, मुकुंदवाडीत स्टेशनमागच्या वस्तीत राहते. बांधकामावर पाट्या उचलते. तिचं लग्न उशिरा, एका बिजवराशी झालं. शेजारच्या बाया कुठल्या म्हणून विचारतात, तेव्हा ती म्हणते, आम्ही फुलंब्रीकडचे. फुलंब्रीत कुठं, असं कुणी पुढं विचारलं, तर ती कामाला उशीर होतोय म्हणून निघून जाते.