तुमचा कोट कुठे असतो?

तिचं काम जमिनीखाली तीनशे मीटरवर चालायचं. एका बंद पडलेल्या खाणीच्या तळाशी संशोधन संस्थेने दोन खोल्या बांधल्या होत्या. पीएचडीनंतरची तिची तिसरी तात्पुरती नोकरी त्यातल्या एका खोलीत होती. दुसरीत किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र होतं. ते सांभाळणारा माणूस महिन्यातून एकदा यायचा, मान हलवायचा आणि आला तसा जायचा. बाकी दिवसभर ती, पंपाची घरघर आणि छताला टांगलेलं पिंपाएवढं शीतयंत्र.

त्या यंत्राच्या पोटात, अवकाशाहूनही गार जागी, नखाएवढी एक चिप होती. तिच्यावर दहा क्यूबिट, म्हणजे नव्या जातीच्या संगणकाचे दहा इवलेसे घटक. आकाशातून आलेला किंवा आसपासच्या दगडाभिंतीतून निघालेला एखादा किरण चिपमधून आरपार गेला, की ते एकेकटे चुकत नसत, सगळे एकदम चुकत. एकटादुकटा चुकला तर बाकीच्यांवरून दुरुस्त करता येतं. पण अख्ख्या वर्गाने एकाच वेळी चुकीचं उत्तर दिलं तर मास्तरांनी कुणाची वही प्रमाण मानायची?

वर जमिनीवरच्या प्रयोगशाळेत अशी चूक दर दहा सेकंदांना व्हायची. म्हणून तर हा खाली उतरण्याचा खटाटोप. डोक्यावर खडक, यंत्राभोवती शिशाच्या विटा. एकेक वीट अकरा किलोची, आणि सगळ्या तिने स्वतः रचलेल्या. तिच्या अंदाजाने आता चूक दहा-बारा मिनिटांतून एकदा व्हायला हवी होती. होत होती दर दोन मिनिटांनी. सात महिने झाले, आकडा जागचा हलेना.

तिचे गाईड दूरच्या गावी असत. फोनवर म्हणाले, "शिसं वाढव." तिने आणखी एक थर रचला. पाठ धरली, आकडा तिथेच.

दुपारी ती उरलेल्या विटांच्या ढिगावर बसून डबा खायची. समोरच्या पडद्यावर चूक झाल्याची उभी रेघ उमटली की म्हणायची, "या, बसा." पहिल्यांदा तोंडून निघालं तेव्हा तिला हसू आलं होतं. पुढे पुढे ती हसेनाशी झाली, पण म्हणायचं काही सुटलं नाही.

रविवारी ती वर घरीच असायची; सकाळी वडिलांचा फोन यायचा. त्यांनी इस्पितळात एकतीस वर्षं एक्स-रे काढले होते. आई गेल्यापासून तेही एकटेच.

"ठमे, जेवतेस ना वेळेवर?"

"जेवते. तुम्ही?"

"मी पण." दोघंही खोटं बोलत, आणि दोघांनाही ते ठाऊक असे.

त्या रविवारी मात्र तिचा बांध फुटला. "बाबा, माझं काहीतरी मुळातच चुकतंय. सगळीकडून बंद केलं, तरी किरण येतातच. कुठून येतात तेच कळत नाही."

वडील म्हणाले, "तू लहान होतीस तेव्हाची गोष्ट. अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बॅज आम्ही छातीवर लावायचो, त्याचा रिपोर्ट आला. किरणांची मात्रा इतकी, की साहेबांनी मला घरीच बसवलं. मशीन तपासलं, भिंती तपासल्या, दारातलं शिसं तपासलं. कुठे काही नाही. मी तर हाय खाल्ली होती. तुझी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, 'तुमचा कोट कुठे असतो?' "

"कुठे होता?"

"एक्स-रेच्या खोलीतच, खुंटीला! बॅज कोटाला लावलेला. मी भिंतीच्या बाहेर, माझा बॅज आत." ते हसले, आणि हसता हसता एकदम थांबले. आईची आठवण दोघांच्या मध्ये येऊन बसली.

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. ती बाहेरून येणाऱ्याच्या मागे लागली होती. आत काय टांगलंय, ते कधी पाहिलंच नव्हतं.

सोमवारी तिने शीतयंत्र बंद केलं. ते उबेला यायला दोन दिवस गेले. मग आतली एकेक वस्तू काढून तिने शेजारच्या मोजणीयंत्रात ठेवली. तांब्याची डबी स्वच्छ. तारा स्वच्छ. चिपला चिकटून बसवलेला सर्किट बोर्ड मात्र बोलू लागला. त्यातल्या काचेच्या धाग्यांत किरणोत्सर्गी द्रव्याचा अंश होता. तो बोर्ड तिनेच निवडला होता, तारा डाख देऊन जोडायला सोपा म्हणून.

तिने चिप बोर्डाशिवाय तांब्याच्या डबीत बसवली. सगळं पुन्हा गार व्हायला तीन दिवस लागले. पुढच्या मंगळवारी सकाळी ती पडद्यासमोर बसली. दोन मिनिटं झाली. पाच झाली. अकराव्या मिनिटाला एक रेघ उमटली. पुढची त्यानंतर तेरा मिनिटांनी. दुपारपर्यंत तिने जागा सोडली नाही, आणि डबा उघडायचा राहून गेला.

खाली फोन लागत नसे. ती धावत लिफ्टपाशी गेली. लिफ्टमन रोजच्यासारखा स्टुलावर बसला होता.

"सापडलं!" ती म्हणाली.

"काय?"

"जे शोधत होते ते."

त्याने दार ओढून घेतलं. "म्हणजे मॅडम, आता तुम्ही जाणार?"

वर पोचेपर्यंत दोघंही दारावरच्या, कमी होत जाणाऱ्या मीटरच्या आकड्यांकडे बघत राहिली.

गाईडचं उत्तर आलं, "छान. आलेख पाठव." वडिलांनी विचारलं, "मग आता तो कॉम्प्युटर चालणार?"

"नाही हो. तो आणखी छप्पन्न कारणांनी चुकतो. त्यातलं हे एक कळलं."

"कळलं ना? बास."

या कामावरचा तिचा शोधनिबंध वर्षाने छापून आला. बोर्डाची हकिगत त्यात एका परिच्छेदात आटोपली, कोटाची येणं शक्यच नव्हतं. दोन नोकऱ्यांच्या मधल्या सुट्टीत ती तीन आठवडे वडिलांकडे राहिली. पहिले दोन दिवस दोघंही आपापल्या सवयीने ओट्यापाशी उभ्यानेच जेवली.

चौथी नोकरी दुसऱ्या शहरात मिळाली. तिथली प्रयोगशाळा जमिनीवर आहे, तिला खिडक्या आहेत, आणि जेवायला मोठ्या टेबलाभोवती बाराजण बसतात. खाली असताना कुणी काही विचारत नसे; आता कुणी काही विचारलं की तिला उत्तर द्यायला जरा वेळ लागतो. लोकांना वाटतं, बाई फार विचार करून बोलते.