मिशांच्या बदल्यात डोळा

अक्का दुकानाच्या पायरीशी आल्या की बोलण्याआधी तळहाताने डावा डोळा झाकायच्या आणि उजव्याने मला आपादमस्तक न्याहाळायच्या. “भाऊ, शर्टनं बटन तुटेल शे.” डावा तसाही आंधळाच होता, झाकायची काही गरज नव्हती. पण परीक्षा म्हणजे परीक्षा!

जळगावात माझं औषधांचं दुकान होतं आणि अक्का मागच्या गल्लीत राहायच्या. माहेर शिंदखेड्याकडचं, त्यामुळे तोंडी पक्की अहिराणी. शेतात वाळलेली कपाशी उपटताना काडी घुसून त्यांचा डावा डोळा गेला. ते दुःख त्यांनी गिळलं. पण काही महिन्यांनी धडधाकट उजवाही धुरकटला, तेव्हा मात्र त्या घाबरल्या. मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, “डोळ्याच्या आतला भाग शरीराच्या पहारेकऱ्यांच्या नजरेला सहसा पडत नाही. काडीने तो उघडा पडला आणि त्यांना परका वाटला. आता ते दुसऱ्या डोळ्यावरही तुटून पडलेत. त्यांच्यातल्या टी पेशी चेतल्या की बाकीच्यांनाही उठवतात. ही गोळी त्यांना चेतू देत नाही.”

“म्हंजे घरना कुत्रा घरनासलेच चावी ऱ्हायना,” अक्का म्हणाल्या. “मंग बांधी ठेवा त्याले. मारू नका.”

डॉक्टर हसले. “बांधलाय तोवर दार मात्र तुम्हीच सांभाळायचं. कुणाचा खोकला-ताप आत येऊ द्यायचा नाही.”

अक्कांनी ते असं मनावर घेतलं की गल्लीत कुणी नुसतं खाकरलं तरी त्या ओरडायच्या, “तथाच थांब!” जावईसुद्धा एकदा ओसरीवरूनच परत गेला होता.

गोळ्या मी मुंबईहून मागवायचो. पाकीट फोडलं की असा वास सुटायचा की गिऱ्हाईक नाक धरायचं. अधूनमधून रक्त आणि लघवी तपासावी लागे. हळूहळू डोळ्यातला धूर विरळ झाला, पण गोळ्यांनी अक्कांना मिशा फुटल्या. चांगल्या दिसण्याइतक्या! काढल्या तर दुपटीने येतील म्हणून त्या कुणाला हात लावू देईनात.

तेवढ्यात धाकट्या लेकीचं लग्न ठरलं. ती रडकुंडीला आली. “माय, लगीन होयपावत गोया बंद ठेव. सासरना लोके हासतीन.”

अक्कांचा लेकीवर फार जीव. संध्याकाळी दुकानात आल्या आणि हळूच म्हणाल्या, “भाऊ, चार दिन कुत्रा सोडू का?”

“अक्का, सुटला तर आधी डोळ्यावरच जाईल. मग लेकीला नवरी झालेली बघणार कशी?”

त्यांनी ओठावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या मिशा.”

लग्नात झुपकेदार मिशांच्या व्याह्यांशेजारी त्या ऐटीत बसल्या. “व्याहीबुवा, जोडी जमनी आपली!” मांडव हसला. घाबरलेली लेकसुद्धा हसली. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, डोळा शांत आहे. अक्कांपेक्षा माझाच जीव भांड्यात पडला.

पुढे त्या त्याच लेकीकडे धुळ्याला राहायला गेल्या. आता त्या नाहीत. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, तर ते गेल्यावर गल्ली कशी वाटते हे मी सांगायला नको.

त्यांच्यामागे मी धुळ्याला भेटायला गेलो तेव्हा लेक सांगत होती. शेवटच्या दिवशी अक्कांनी तान्ह्या नातीला जवळ आणायला लावलं आणि बराच वेळ तिचं तोंड पाहिलं. म्हणाल्या, “नाक मना नाकसारखं शे.”

लेकीने डोळे पुसले. “मायनी लगीनना टाइमले मनं ऐकं नही,” ती म्हणाली, “बरं झायं.”