लहानूची मोठी आत्या

लहानूचा फोन आला तेव्हा मी घरभर चष्मा शोधत होते, आणि चष्मा डोक्यावर होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी हे असं चाललंय. पार्लरमधली मुलगी मला काकू म्हणते, केस कितपत रंगवायचे हे मला न विचारताच ठरवते, आणि मीही गप्प बसते. गुडघे बोलतात. शेजारणीने मोठ्यांच्या पोहण्याच्या वर्गाचा फॉर्म आणून दिला होता, तो मी "आता या वयात काय गं" म्हणून फोडणीच्या डब्याखाली ठेवून दिला. तो तिथेच तेलकट होत होता.

तर लहानू. सौंसरचा माझा भाचा, वय वर्षं त्रेसष्ट. हसू नका, नाव खरंच लहानू आहे. त्याचे आजोबा आणि माझे बाबा सख्खे भाऊ. बाबा शेंडेफळ, मी बाबांचं शेंडेफळ, म्हणून एकोणीस वर्षांनी लहान असून मी त्याची आत्या. वरची पिढी एकेक करत गेली आणि आता आमच्या अख्ख्या खानदानात मानाने मोठी कोण, तर मी. लहानू म्हणाला, "आत्याबाई, मले लग्न करायचं आहे. मागणी घालाले घरचं मोठं मानूस लागते. तुम्हीच उरल्या."

लहानूची बायको जाऊन नऊ वर्षं झाली. आता तो सावरगावच्या निर्मला मॅडमशी लग्न करणार होता. दोघांनी एकाच शाळेत अकरा वर्षं शिकवलेलं, तो निवृत्त झाला, त्या अजून नोकरीत, वय अठ्ठावन्न, त्यांचेही यजमान अठरा वर्षांपूर्वी गेलेले. खरं सांगू, माझ्या मनात पहिलं वाक्य तेच आलं, जे फॉर्म पाहून आलं होतं.

अर्ध्या तासात दुसरा फोन. लहानूचा मुलगा मंगेश, वय तेहेतीस, कपाशीच्या बियाण्यांचं दुकान. "आजी," तो म्हणाला. हो, मी त्याची आजी. लोक काय म्हणतील, बहिणीच्या सासरी तोंड कसं दाखवायचं, असं बरंच बोलून तो मुद्द्यावर आला. मी नाही म्हटलं तर बाबूजी ऐकतील, तेव्हा मी यावं आणि नाही म्हणावं. म्हणजे बापाला माझा होकार हवा, लेकाला नकार, आणि तिकीट मात्र मीच काढायचं. काढलं.

पुण्याहून नागपूर रेल्वेने, आणि नागपूरच्या बसस्टँडवरून छिंदवाड्याकडे जाणारी कुठलीही बस. सावनेर सुटलं की थोड्या वेळात मध्य प्रदेश लागतो, पण कळत नाही. पाट्या हिंदी होतात, भांडणं मराठीतच राहतात. माझ्यामागे दोघे बोरगावपर्यंत खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून वाद घालत होते आणि उतरताना एकमेकांच्या घरी जेवायचं ठरवून गेले. दोन तास लागतात. तुम्ही जाणार असाल तर डिसेंबरातच जा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांचे बगीचे आहेत, झाडाखाली ढीग घातलेले असतात, आणि थांबून विचारलं तर विकत देण्याआधी दोन-चार फुकट खायला घालतात.

सौंसरच्या स्टँडवर लहानू उभा होता. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट, हातात मोटरसायकलची किल्ली. मी खाली उतरले आणि भर स्टँडवर, पानठेल्यावरच्या दहा लोकांसमोर, हा माणूस वाकून माझ्या पाया पडला. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी पाच वर्षांची असताना दिवाळीला तो असाच पाया पडला होता, नोकरीवर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी. मी घाबरून आईच्या पदरात शिरले होते, आणि आईने कानात सांगितलं ते बोबडं बोलले होते, मोठा हो. मी त्याला ते आठवलं का विचारलं.

"तवापासून होऊनच राहिलो, आत्याबाई," तो म्हणाला, आणि माझी बॅग त्याने पेट्रोलच्या टाकीवर ठेवली.

त्याच्या घरी रात्री निखाऱ्यात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी होती. मंगेशच्या बायकोने मला आग्रहाने पाचवा रोडगा वाढला, त्याबद्दल तिला माफ करायला मला दोन दिवस लागले. जेवताना बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. मंगेश म्हणायचा, आजी, बाबूजींना भाजी हवी का विचारा. लहानू म्हणायचा, आत्याबाई, त्याला सांगा पुरे. मी मधे बसून भाजी इकडून तिकडे करत होते.

दुसऱ्या दिवशी लहानू मला रामाकोन्याला घेऊन गेला, आमच्या मूळ गावी. मोटरसायकलवर, माझ्या मांडीवर डब्यात तर्रीपोहे. कन्हानच्या काठी आम्ही बसलो. लहानपणी सुट्टीत आलो की घरची सगळी पोरं या डोहात उड्या मारायची आणि मी काठावर त्यांचे कपडे धरून बसायची. आधी म्हणत, लहान आहे. मग एका उन्हाळ्यात म्हणाले, आता वयात आली. आणि आता माझं मीच म्हणते, वय गेलं. मधे कधी तरी माझं बरोबर वय असेल ना, तेव्हा कोणीच कसं काही बोललं नाही? लहानूला हे सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला, निर्मला मॅडम त्याला विचारतात आज काय खाल्लं, एवढंच त्याला हवं आहे, नऊ वर्षांत कोणी विचारलं नाही. मी तोंड फिरवून नदीकडे पाहिलं. माझा लहानू, त्याच्यावर माझा फार जीव आहे.

तरीही तिसऱ्या दिवशी सावरगावला जायला गाडीत बसताना मी ठरवलं होतं ते भित्रंच होतं. ना होय, ना नाही, "विचार करून कळवते" म्हणायचं आणि पुण्याला पळायचं. मंगेश गाडी चालवत होता. जामसावळीला झोपलेल्या हनुमानाचं दर्शन घेतलं. तिघांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी मागितल्या असणार. पांढुर्णा आता जिल्हा झालाय, त्यामुळे रहदारीही जिल्ह्याची आहे. जाम नदीचा पूल आला की अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. गोटमारीच्या जत्रेला इथेच दोन्ही काठांवरून दगड चालतात, आणि म्हणतात की त्याची सुरुवातच पलीकडच्या मुलीला अलीकडच्या मुलाने पळवण्यावरून झाली. पुलावर लहानू हळूच म्हणाला, "सावरगावची पोरगी मांगाले चाललो, आत्याबाई. डोक्सं सांभाळा." मंगेशने आरशात पाहिलं आणि हॉर्न वाजवला, समोर कोणी नसताना.

निर्मला मॅडम त्यांच्या सासूबाईंसोबत राहतात. कौसल्याआजी, वय चौऱ्याऐंशी, ताठ, मोतिबिंदू काढलेले डोळे. त्या दारातच होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मग मला बाजूला सारून गाडीकडे पाहिलं. "आत्याबाई कुठी आहेत? गाडीतच बसल्या का? उतरवून आना तिले, दोघं जन धरा."

लहानू म्हणाला, ह्याच आत्याबाई.

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. मग आत वळून म्हणाल्या, "निर्मला, ते खुर्ची लपव."

पण मी पाहिलीच. त्रेसष्ट वर्षांच्या नवरदेवाची आत्या म्हणजे कमीत कमी नव्वदीची, असा हिशोब करून त्यांनी सगळी तयारी केली होती. शेजारून मागून आणलेली कमोडची खुर्ची, पायरीशी टेकवलेली काठी, चौरंगामागे तीन लोड, आणि दात नसलेल्या पाहुणीसाठी बिनतिखटाची मऊ खिचडी. निर्मला मॅडम पदराने तोंड झाकून हसत होत्या. मग लहानू हसला. मंगेश भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. मी लोडांना टेकून बसले. खोटं कशाला बोलू, पाठीला फार बरं वाटलं.

चहा झाल्यावर आजींनी माझं वय विचारलं. मी चव्वेचाळीस सांगितलं आणि सवयीने जोडलं, की आता तसं वय झालंच म्हणा.

आजींनी रिकामी कपबशी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "माहा मालक गेला तवा मी सव्वीस वर्षांची होती. एक जन विचाराले आला होता, चांगला होता. माहा सासरा म्हने, आता काय तिचं वय राह्यलं का. मलेही तेच खरं वाटलं. आता चौऱ्याऐंशीची झाली तवा समजते, मी पोट्टी होती."

निर्मला मॅडमनी आजींच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनाही हे बहुधा पहिल्यांदाच कळलं होतं.

"माह्या सुनेले कोनी असं म्हनू नाही, म्हनून मीच तिले हो म्हन म्हटलं," आजी म्हणाल्या. "आता तुमी बोला, आत्याबाई. तुमी मोठ्या."

मंगेश माझ्याकडे बघत होता. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. ते मी गिळलं. "आमच्या लहानूसाठी तुमच्या निर्मलाला मागायला आले आहे," मी म्हणाले, आणि माझा आवाज फाटला, कारण आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसासारखं काही बोलत होते.

"देली," आजी म्हणाल्या. "पन सुनेसंगं सासू येते. मी येकटी नाही राहात. पटत असन तर पाहा."

लहानूने आजींच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. नंतर आम्ही ती बिनतिखटाची खिचडी सगळ्यांनी खाल्ली, वर ठेचा घेऊन.

मला परतीची गाडी पांढुर्ण्याहून होती. इथे नागपूरला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या थांबतात, सौंसरला परत जायची गरज नाही. स्टेशनवर मंगेशने बॅग उचलली. मला वाटलं आता ऐकवणार. तो बूट पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, त्यांना मी काय म्हणायचं? आई नाही म्हणवत." मी म्हटलं, त्यांनाच विचार. त्याने मान हलवली, आणि मी डब्यात चढत असताना बापाला पाणी हवं का, हे त्याने सरळ बापालाच विचारलं.

पुण्यात येऊन आता बारा दिवस झाले. एक पेटी संत्री आणली होती, अर्धी शेजारणीकडे गेली. सौंसर-पांढुर्ण्यात बघण्यासारखं काय आहे, असं ऑफिसात सगळे विचारतात. संत्री, हनुमान, दोन नद्या, आणि स्टँडवर पाया पडणारी म्हातारी भाचरं, असं सांगते. लग्न फेब्रुवारीत आहे. कौसल्याआजींचा निरोप आलाय की आत्याबाईंसाठी या वेळी तिखट करू.

काल फोडणीचा डबा उचलून तो फॉर्म काढला. हळदीचे डाग पडलेत, पण वर्गवाले चालतो म्हणाले. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. वयाच्या रकान्याशी पेन थांबलं. मग चव्वेचाळीस लिहिलं. चष्मा न लावता लिहिलं, जरा वाकडं आलं, पण आकडा पहिल्यांदाच बरोबर वाटला.