शून्य मिनिटे

देऊळकर सर लाल पेन्सिल कानामागे ठेवत, सुतार ठेवतो तशी. पुसदच्या अध्यापन विद्यालयात ते आम्हांला बालमानसशास्त्र शिकवत. पहिल्याच आठवड्यात मी वहीत लिहिलं होतं, 'मुलगी रागावली.' त्यांनी 'रागावली' या शब्दावर रेघ ओढली आणि मला उभं केलं.

"राग तुमाले कोठं दिसला, बाई?"

मी वहीकडे पाहिलं.

"भुवई दिसली असंल. मंग भुवई लिहा. दिसलं ते लिहा, वाटलं ते नाई."

एरवी सर शुद्ध बोलत. शिकवण्याच्या भरात मात्र घरची वऱ्हाडी तोंडात येई. वर्गातली मुलं पाठीमागे म्हणत, सर घरीही बायको पोळ्या लाटताना घड्याळ लावून बसत असतील. हे एकदा त्यांच्या कानावर गेलं. ते शांतपणे म्हणाले, "बसलो होतो. तिनं वही चुलीत घातली." आणि पुढचा मुद्दा सांगू लागले.

सरांच्या शोधनिबंधासाठी आम्ही मुलांची निरीक्षणं टिपायची होती; गावाबाहेरच्या एका प्राथमिक शाळेत त्यांनी आमच्या जागा ठरवून दिल्या होत्या. नियम तीनच. जागा सोडायची नाही. मूल बोललं तर उत्तर द्यायचं नाही. काहीही झालं तरी मधे पडायचं नाही. आपण हाललो की मूल बदलतं, असं ते म्हणत. आठवड्याभरात मुलं आम्हांला विसरली, भिंतीला विसरावं तशी. सर खूश झाले.

माझी जागा व्हरांड्यात, पाण्याच्या रांजणासमोर होती आणि माझ्याकडे शेवंता नावाची तिसरीतली मुलगी सोपवली होती. नागपूरच्या धर्मांतराला तेव्हा दोन वर्षं झाली होती. शेवंताच्या घरच्यांनी जुने देव नदीत सोडले होते आणि पोरीला शाळेत घातलं होतं. पण रांजणातून पाणी काढायचं लांब दांड्याचं ओगराळं तिच्या हाती कुणी देत नसे. मधल्या सुट्टीत ती दोन्ही हातांची ओंजळ करून बाजूला उभी राही. कुणी वरून पाणी घातलं तर पिई, नाहीतर घंटा झाली की वर्गात जाई. ती किती वेळ उभी राहिली ते मी घड्याळ पाहून लिहीत असे: चार मिनिटे. सात मिनिटे. अकरा मिनिटे.

एके दिवशी ती वळून माझ्याजवळ आली. "बाई, तुमी काय लिहून राह्यल्या?" मी खाली पाहिलं. तिने थोडी वाट पाहिली. मग म्हणाली, "पानी देता का मले?"

रांजण माझ्यापासून चार पावलांवर होता. मी उठले नाही. नियम होता म्हणून उठले नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. नियम नसता तर उठले असते का, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. आमच्या घरीही वरून पाणी घालायची ओगराळी होती.

दुसऱ्या दिवसापासून शेवंता रांजणाकडे आली नाही. मी लिहिलं, शून्य मिनिटे. असे सहा दिवस. सरांनी आलेखाच्या कागदावर रेघ काढली. ती चढत गेलेली रेघ एकदम खाली उतरली होती. त्या दिवशी मी त्यांना प्रथमच मोठ्याने हसताना पाहिलं. "पाहा बाई, पोर सावरली. आपुन काहीच केलं नाई, तरी सावरली." हे त्यांना वाटलं होतं, दिसलं नव्हतं. पण त्यांच्या वाक्यावर रेघ मारणारं तिथं कुणी नव्हतं.

सातव्या दिवशी मधली सुट्टी संपल्यावर शाळेमागच्या शेतातल्या विहिरीत ती बुडालेली सापडली. विहिरीला कठडा नव्हता, पाणी खोल गेलं होतं आणि पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. ती रोज तिथं उतरून पाणी पीत होती. माझ्या जागेवरून विहीर दिसत नसे.

संध्याकाळी तिचे वडील शाळेत आले. ते ओरडले नाहीत. सरांसमोर उभे राहून एवढंच म्हणाले, "सर, तुमची मानसं तं रोज तेथंच बसून राहत होती न? मंग माही पोरगी कोठं जाते, हे कोनालेच कसं नाई दिसलं?"

सरांनी कानामागची पेन्सिल काढली आणि हातात धरली.

त्यानंतर ते रोज मधल्या सुट्टीत त्या शाळेत जात आणि स्वतः सगळ्या मुलांना पाणी घालत. महिन्याभराने मला म्हणाले, "हेबी चुकलंच, बाई. मी घालतो म्हंजे लेकरं ओंजळ धरून उभी तं राहतेतच." मग त्यांनी ओगराळ्याचा दांडा मोडून फेकला आणि सगळ्यांनी रांजणात पेला बुडवावा असं सांगितलं. आठ दिवसांत निम्मी मुलं रांजण टाळून घरूनच पाणी भरलेले फिरकीच्या झाकणाचे तांबे घेऊन येऊ लागली. सरांची बदली झाली. शोधनिबंध त्यांनी पाठवलाच नाही. पुढे वर्गात ते पुस्तक उघडून वाचून दाखवत, असं ऐकलं. वहीत कुणी काय लिहिलं ते पाहत नसत.

गेल्या उन्हाळ्यात ते वारले. त्यांच्या पत्नीने मला घरी बोलावून माझी ती निरीक्षणांची वही दिली. "ही तेवढी चुलीत घालू देत नव्हते," त्या म्हणाल्या.

सहा शून्यं माझ्या अक्षरात आहेत. प्रत्येक शून्यापुढे लाल पेन्सिलीने लिहिलं आहे, 'कोठे गेली?' सहा वेळा. अक्षर शेवटाकडे थरथरतं होत गेलं आहे. एका दिवसात लिहिलेलं वाटत नाही.

त्याआधीच्या पानावर माझी एक ओळ आहे: 'मुलीने निरीक्षकाकडे पाणी मागितले. प्रतिसाद दिला नाही.' त्या ओळीपुढे सरांनी काही लिहिलेलं नाही. ती जागा त्यांनी माझ्यासाठी सोडली असावी. असं मला वाटतं. दिसते ती फक्त कोरी जागा.