झील धरणाऱ्या बायका

थोरली जाळी सांधायला बसली की शेजारणी म्हणत, "हिच्या हातांना सुट्टी नाही आणि तोंडालाही." खोटं नव्हतं ते. होडी किनाऱ्यावर ओढून घ्यायची तर दोराला हात लावण्याआधी बायका थोरलीकडे बघत. ती ओळ टाकायची; ओळीचे शेवटचे शब्द उचलून बाकीच्या झील धरायच्या आणि त्या झिलीवरच दोर ओढायच्या. ओळ चावट असो, रडकी असो, सासूच्या नावाने बोटं मोडणारी असो, झील द्यायचीच. गप्प राहिलं की हात सैलावतात आणि होडी उतारावरून मागे येते. नवी ओळ आली की पहिल्यांदा सगळ्याच अडखळत, मग एकमेकींना कोपरखळ्या मारून हसत.

पुढे खोकल्याने थोरलीचा आवाज बसला. तेव्हा ओळ टाकायचा मान तिने आपण होऊन धाकट्या जावेला दिला. पोटच्या मुलीला शिकवलं नसेल इतकं तिला शिकवलं. एका दुपारी जाळ्यावर वाकल्या वाकल्या धाकटी म्हणाली, "ताई, ओळ टाकणारीची एक तरी स्वतःची ओळ असते म्हणतात. तुमची कधी ऐकली नाही."

थोरलीने दाराकडे बघितलं आणि बसक्या आवाजात म्हटलं,

"लोक म्हणती बुडाला गं, लाटेखाली गेला गं,
पलीकडच्या बंदरात त्याने संसार केला गं!"

थोरलीचा नवरा वादळात बुडाला, असं सारी गल्ली समजत होती. तो जिवंत आहे, दुसरं घर करून सुखात आहे, हे एका खलाशाने येऊन फक्त तिला सांगितलं होतं. तिने ते गिळलं, कारण मुलगी रोज बापाच्या फोटोला सांगून कामाला जायची. सोडून गेलेल्या बापापेक्षा बुडालेला बाप बरा. धाकटी ऐकून ढसाढसा रडली. "तुमच्या गळ्याची शपथ ताई, मेले तरी ओठ उघडणार नाही." शपथ घेतली तीही बसलेल्या गळ्याची! थोरलीने तिथेच ओळखायला हवं होतं.

मग या बायकांना शहरात गायचं बोलावणं आलं. झगझगीत दिवे, गुबगुबीत खुर्च्या आणि पुढच्या रांगेत थोरलीची मुलगी. बायका मोकळाच दोर धरून उभ्या राहिल्या, थोरली टोकाला. लोक रंगले, आणखी एक हवं म्हणाले. धाकटीने घसा साफ केला आणि तीच ओळ टाकली.

सभागृह खदखदून हसलं. "संसार केला गं, ओढ गं ओढ!" बायकांनी झील दिली, एका दमात, चोख. थोरलीच्या तोंडातूनही ती सवयीने निघाली, पण अर्धा शब्द मागे.

ओळ नवी, आणि एकही बाई अडखळली नाही. थोरलीच तेवढी मागे पडली होती. म्हणजे सगळ्यांनी आधी म्हणून बघितली होती, ती दवाखान्यात गेलेली असताना, तिला ताकास तूर लागू न देता. केसाने गळा कापतात तो असा.

पडद्यामागे धाकटी म्हणाली, "अहो ताई, गाण्यातलं कोण खरं धरतं? टाळ्या ऐकल्यात ना?" बाकीच्या दोर गुंडाळण्यात गढून गेल्या. एवढ्याशा दोराला इतक्या जणी लागल्या. थोरलीला रागापेक्षा लाज वाटली, आणि लाजेपेक्षा एकटं वाटलं. ती भांडली नाही. भांडलं असतं तर मुलीला कळलं असतं, आणि हे धाकटीला पुरतं ठाऊक होतं.

घरी मुलगी खुशीत होती. बापाचा फोटो पुसता पुसता म्हणाली, "आई, शेवटची ओळ काय भन्नाट होती गं! कोण बिचारी असेल ती?" तिने ती गाऊन दाखवली आणि आईकडे बघत थांबली. ओळ टाकली की झील यायलाच हवी, हे तिला लहानपणी आईनेच शिकवलं होतं.

थोरलीने फोटोकडे बघितलं, मग मुलीकडे.

"संसार केला गं," ती म्हणाली, "ओढ गं ओढ."

या वेळी तिला उशीर झाला नाही.